मोटर-पंप दुरुस्तीचं जे येतं ते मराठीत लिहायचंय, त्यातून चार पैसेही मिळावेत. सुरुवात कशी करू?

वाइंडिंगवाला (दारव्हा, जि. यवतमाळ)

मंडळी नमस्कार.

दारव्हा तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरचे मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर), बोअरच्या सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटरी), आणि सोलर पंप वाढल्यापासून त्यांचे कंट्रोलरही येतात. दिवाळीपासून गहू-हरभरा निघेपर्यंत जेवायला फुरसत नसते. पावसाळा लागला की काम मंदावतं, फोन मात्र बारा महिने चालू. "मोटर हूं करते अन् उचलत नाही." "स्टार्टर पाच मिनिटांत पडते." "कंट्रोलरवर कायचा तरी आकडा येऊन रायला." तक्रारी फिरून फिरून त्याच. एकाला अर्धा तास समजावून फोन ठेवला की तेच दुसऱ्याला.

नेटवर पाहिलं तर बहुतेक माहिती हिंदी-इंग्रजीत, आणि तीही कारखान्यातल्या मोटरींची. आपल्या फीडरवर 415 च्या जागी 300 व्होल्ट येतात तेव्हा मोटरची ओढ, म्हणजे फिरवायचा जोर, जवळपास निम्म्यावर येते, कारण ओढ व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. शेतकऱ्याला हे कुणी सांगत नाही. तो म्हणतो, मिस्त्रीनं वाइंडिंग कच्चं भरलं.

म्हणून ब्लॉग सुरू करायचं मनात आहे. मला विचारायचंय ते असं: लेख लिहावेत की व्हिडिओ करावेत? मराठीतून लिहून खरंच पैसे मिळतात का, कुठून मिळतात? आणि आमच्या धंद्यात ज्याला डाटा म्हणतात, म्हणजे कोणत्या मोटरीला किती वेढे, कोणत्या गेजची तार, ते लिहून टाकावं की नाही? घरातच यावरून दोन मतं आहेत.

संत्राबाग (वरूड)

भाऊ, विचारत काय बसले, सुरू करा. आमच्या वरूड-मोर्शीत पाणी इतकं खोल गेलं की 800-900 फुटांचे बोअर आहेत. एवढ्या खालून मोटर काढायची म्हणजे गाडी सांगा, माणसं लावा, दिवस गेला. वर काढल्यावर मिस्त्री म्हणते, मोटर चांगली हाय, केबलचा जॉइंट गेला. हे वरच्या वर कसं ओळखावं, एवढं जरी लिहिलं तरी संत्र्यावाले तुमचं नाव काढतीन.

खारपाणी (दर्यापूर)

आमच्याकडं बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही बाप्पा, 900 फूट खाली जाऊन करू काय? शेततळ्यावरच्या मोनोब्लॉकचा वेगळा कप्पा ठेवा, पहिला वाचक मीच.

वाइंडिंगवाला

@संत्राबाग, वरून बरंच कळतं. मेन बंद करून स्टार्टरमधून मोटरच्या तिन्ही वायरी सोडवायच्या आणि मल्टिमीटरनं दोन-दोन वायरींमधला रोध पाहायचा. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे आले तर वाइंडिंग आणि केबल दोन्ही सलग आहेत. एकच जोडी आकडा दाखवते आणि बाकी दोन खुल्या, तर एक वायर कुठंतरी तुटली आहे. खोल बोअरमध्ये आधी संशय जॉइंटवर घ्यायचा. मग 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) वायर आणि अर्थिंगमध्ये लावायचा. 1 मेगओहमच्या खाली आला तर मोटर चालवायची नाही. तेव्हा मात्र ओल जॉइंटमध्ये आहे की मोटरमध्ये, हे वर काढल्याशिवाय सांगता येत नाही.

संत्राबाग (वरूड)

हाच तर लेख झाला ना भाऊ! कॉपी करून घेतला मी.

की_बोर्ड_ताई (मूळ आर्वी, सध्या पुणे)

दादा, मी वेबसाइट बांधण्याच्याच कामात आहे, त्यामुळे पैशाचा भाग मी सांगते.

सुरुवात ब्लॉगरवर करा. ते 2003 पासून गुगलकडे आहे, फुकट आहे, मोबाइलवरून चालतं. स्वतःचं नाव घेऊन वर्डप्रेसवर नंतरही जाता येईल. पहिल्याच दिवशी होस्टिंगवर पैसे घालू नका, कारण महिनाभरानं दुकानात गर्दी झाली आणि लिहिणं थांबलं तर ते पैसे गेले.

जाहिरातींसाठी गुगलचं ॲडसेन्स. मराठी त्यांच्या मान्य भाषांच्या यादीत आहे. खातेदार 18 वर्षांवरचा हवा आणि मजकूर स्वतःचा हवा. खात्यात 10 डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टानं पिनचं पत्र येतं. तो पिन चार महिन्यांत टाकला नाही तर जाहिराती थांबतात. 100 डॉलर साठले की पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान पैसे बँकेकडे निघतात. त्याच्या खाली असतील तर पुढे ढकलले जातात. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः टिचकी मारणं किंवा गावच्या पोरांना मारायला सांगणं सक्त मना आहे, खातं कायमचं बंद होऊ शकतं.

आता मनाला लागेल असं सांगते. मराठी वाचकाच्या पानावरच्या जाहिरातीला भाव कमी मिळतो. पंप दुरुस्तीचा वाचक मोजका, तोही हंगामी. नुसत्या जाहिरातींवर घर चालेल असं मी म्हणणार नाही. 100 डॉलर गाठायलाच बराच काळ जाऊ शकतो. तरीही लिहा असंच म्हणते, कारण तुमचा पैसा दुसऱ्या वाटेनं येईल. ती वाट पुढच्या प्रतिसादात लिहिते, आत्ता मीटिंग आहे.

रात्रपाळी (राळेगाव)

पिनचं पत्र आलं की पोस्टमन दादा साऱ्या गावाले सांगते, "याले गुगलनं पत्र धाडलं." दुसऱ्या दिवशी सोयरीक येते!

खारपाणी (दर्यापूर)

@रात्रपाळी, आमच्या गावात तर पोराच्या आधी त्याच्या बापालेच विचारतीन, "पगार किती लागला?"

जुना_मिस्त्री (पुसद)

वाचलं सगळं. माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मी उस्तादाच्या हाताखाली शिकलो. आधी कित्येक दिवस जळलेल्या मोटरीचे स्लॉट खरवडले, पेपर कापले, धागा बांधला. कॉइल भरायला खूप नंतर मिळालं. उस्तादाची एक वही होती, वार्निशचे डाग पडलेली. तिच्यात प्रत्येक मेकचे स्लॉट, वेढे, गेज, पिच. ती वही त्यांनी कुणाला हातात दिली नाही. मी कॉइल मोजून मोजून माझी वही केली. आज माझं दुकान त्या वहीवर उभं आहे. तुम्ही ती नेटवर टाकली की उद्या कुणीही तार आणून भरायला बसेल, आणि भाव इतका पाडेल की तुमच्या पोराला दुकान चालवणं परवडणार नाही.

दुसरं असं की वाचून हात बसत नाही. वेढे मोजता येतात, पण कॉइल स्लॉटमध्ये बसवताना इन्सुलेशनला ओरखडा जातो की नाही हे बोटाला कळतं. तो ओरखडा महिनाभरानं मोटर जाळतो. तेव्हा शेतकरी तुमच्याच नावानं बोंबलेल, की यांनी लिहिलं तसंच भरलं होतं.

आयटीआय_निदेशक (अमरावती जिल्हा)

मिस्त्री, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. पहिल्याशी नाही. डाटा ही लपवायची गोष्टच राहिलेली नाही. जळलेली मोटर हातात आली की कुणीही वेढे मोजतो, मायक्रोमीटरनं तार मोजतो, झालं. आमची मुलं दुसऱ्या वर्षी हेच करतात. तुमच्या वहीची खरी किंमत वेगळी आहे: आधीच्या मिस्त्रीनं चुकीची तार भरलेली मोटर आली तर ती चुकीची आहे हे तुम्हाला कळतं. ते आकड्यात नसतं, वर्षानुवर्षं तुलना करत आलेल्या माणसात असतं.

@वाइंडिंगवाला, मला जास्त काळजी सुरक्षेची वाटते. तुम्ही "स्टार्टर उघडून बघा" असं लिहाल आणि वाचणारा अनवाणी, ओल्या बांधावर उभा असेल. म्हणून मेन पाडल्यावर तिन्ही फ्यूजच्या वाट्या काढून स्वतःच्या खिशात टाकायला सांगा. नुसता स्विच पाडून चालत नाही, घरून दुसरा कुणी येतो आणि चालू करतो. हे प्रत्येक लेखाच्या वरच आलं पाहिजे, शेवटी नाही, कारण शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. अर्थिंग कसं तपासावं यावर पहिल्या लेखांतच एक ठेवा. घरच्या आणि झोपडीतल्या सिंगल फेज लाइनला 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) लावायला सांगा. आणि रेषा स्पष्ट आखा: वाचकानं काय स्वतः पाहायचं आणि कुठून पुढं परवानाधारक तारतंत्रीलाच बोलवायचं. मोजणं शिकवा, लाइव्ह वायरीवर काम शिकवू नका. डीपीला (ट्रान्सफॉर्मरला) हात तर अजिबात नाही.

वणीची_सून (वणी)

मी बाई, शेतकरी, आणि मोटर चालू करणारी मीच. घरचे बाहेरगावी नोकरीला आहेत. म्हणून माझं थोडं ऐका.

सगळे म्हणतात व्हिडिओ करा. आमच्या विहिरीपाशी नेटवर्कच नाही, टेकडीवर गेलं तर एक काडी येते. तिथं व्हिडिओ गोल गोल फिरत बसतो. लिहिलेलं पान मी घरी उघडून फोटो काढून ठेवते आणि विहिरीवर वाचते. माझ्या स्टार्टरच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, मिस्त्रीनं हातानं लिहिलेला: "आवाज आला पण फिरली नाही तर लगेच लाल बटण. पुन्हा पुन्हा दाबू नका." त्या एका कागदानं माझी मोटर वाचली आहे. असे एका पानाचे कागद करा, मोठ्या अक्षरात, छापता येतील असे. मी पैसे देऊन घेईन, आणि बचत गटातल्या बायकांना पण देईन.

की_बोर्ड_ताई (मूळ आर्वी, सध्या पुणे)

वणीच्या ताई, मी जे लिहिणार होते ते तुम्ही अर्धं सांगितलंत!

दादा, माझं म्हणणं हेच होतं. तुमच्या लेखाचा वाचक उद्या तुमचं गिऱ्हाईक असतो. दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी इथला शेतकरी "मोटर गरम होते" असं शोधतो, तुमचा लेख वाचतो, आकडे बघतो आणि त्याला कळतं की हा माणूस मोजून बोलतो. मोटर घेऊन तो तुमच्याकडेच येईल. जाहिरातीच्या कितीतरी महिन्यांच्या पैशापेक्षा एका रिवाइंडिंगची मजुरी जास्त असेल. म्हणून प्रत्येक पानावर तुमचं गाव, दुकानाची वेळ आणि काय काय दुरुस्त करता ते ठळक हवं.

मथळे लोक बोलतात तसे ठेवा. "त्रिकला प्रेरण चलित्राचे दोष" असं कुणी शोधत नाही. लोक बरेचदा इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून शोधतात, त्यामुळे मोटर, स्टार्टर, कंडेन्सर, डीपी हेच शब्द वापरा.

आणखी एक. साधी माहिती आता गुगल स्वतःच वरच्या वर उत्तर म्हणून दाखवतं, लोक पान उघडतच नाहीत. "सबमर्सिबल म्हणजे काय" हे लिहून काही मिळणार नाही. तुमच्या टेबलावर अमुक दिवशी आलेली मोटर, तिचे आकडे, तिचा फोटो आणि ती का जळली, हे फक्त तुमच्याकडेच आहे.

औजारवाला (वाशिम)

लिखाण ठीक आहे, पण व्हिडिओला इतकं मोडीत काढू नका. माझा शेती औजारांचा चॅनल आहे. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला 1000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4000 तास पाहणं लागतं, मग मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के आपल्याला. पेरणीयंत्राची नळी कशी बसते हे लिहून समजत नाही, दाखवलं की एका झटक्यात समजतं. कॉइल भरणंही तसंच. शिवाय आपला आवाज, आपली बोली ऐकून माणूस जोडला जातो. वरून कमेंटमध्ये नवे प्रश्न मिळतात, पुढचा विषय शोधावा लागत नाही.

फक्त दुकानात ग्राइंडर चालू असताना रेकॉर्ड करू नका. आवाजासाठी साधा कॉलर माइक घ्या, कॅमेरा मोबाइलचा चालतो.

वणीची_सून (वणी)

@औजारवाला भाऊ, तुमचा चॅनल मी पाहते, छान आहे. पण तो घरी, रात्री, पाय पसरून पाहायचा. मोटर बंद पडते तेव्हा मी विहिरीवर असते.

औजारवाला (वाशिम)

ताई, हे मान्य. 🙏

वाइंडिंगवाला

सगळ्यांचं वाचतोय, उत्तर सावकाश देतो. मिस्त्रींच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. माझं ठरतंय ते असं: वेढे-गेजचा डाटा लिहायचा नाही, दोष ओळखण्याचं सगळं लिहायचं. कारण डाटा मिस्त्रीला लागतो, आणि मला लिहायचंय ते शेतकऱ्यासाठी. उदाहरणार्थ जळलेलं वाइंडिंग गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवायचं. तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच काळ्या, तर कमी व्होल्टेज किंवा जादा लोड. दोन फेजच्या काळ्या आणि एक जशीच्या तशी, तर मोटर दोन फेजवर चालली. शेतकऱ्याला हे समजलं की तो सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) बसवतो, पुढची मोटर वाचते.

जुना_मिस्त्री (पुसद)

दोन काळ्या आणि एक चांगली, हे स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही फेजचं एक-एक टोक एकत्र बांधलेलं असतं तेव्हा. डेल्टा, म्हणजे टोकाला टोक लावून त्रिकोणात जोडलेली असेल तर उलटं दिसतं: जी फेज दोन जिवंत लाइनींच्या थेट मधे येते तिच्यावर जास्त करंट जातो आणि ती एकटी काळी पडते, बाकीच्या दोन बऱ्या राहतात. तुम्ही फक्त स्टारचं लिहिलं तर डेल्टावाला म्हणेल एकच कॉइल गेली, म्हणजे भरणीत दोष. हे लिहा. फोटो दोन्हींचे टाका.

आणि एखाद्या स्लॉटच्या तोंडाशी एवढुसा डाग असेल, बाकी सगळं पिवळं, तर ती भरणीची चूक किंवा इन्सुलेशन फाटलं. तिथं मिस्त्रीनं कबूल करायला पाहिजे, शेतकऱ्याच्या व्होल्टेजवर ढकलायचं नाही.

आयटीआय_निदेशक (अमरावती जिल्हा)

मिस्त्री, हे तुम्ही इथं लिहिलंत ते मी सोमवारी वर्गात फळ्यावर काढणार आहे. परवानगी आहे ना?

जुना_मिस्त्री (पुसद)

काढा. पुसदच्या मिस्त्रीनं सांगितलं असं म्हणा.

रात्रपाळी (राळेगाव)

एक विचारतो, थोडं विषय सोडून. लाइन आली की मोटर आपोआप चालू करणाऱ्या ऑटो स्विचबद्दल काय लिहिणार? रात्री 12 ला लाइन येते, थंडीत, वाघाच्या भीतीत कोण जाईल वावरात? म्हणून साऱ्यांनी ऑटो लावले. आता लाइन आली की डीपीवरच्या साऱ्या मोटरी एकदम उचलतात अन् डीपीचा फ्यूज जातो. मग सारेच अंधारात.

संत्राबाग (वरूड)

ऑटो काढा म्हणणाऱ्यानं आधी रात्री वावरात जाऊन दाखवा.

वाइंडिंगवाला

ऑटो काढायची गरज नाही. मोटर उचलताना पूर्ण लोडच्या पाच-सहा पट करंट काही सेकंद घेते. दहा मोटरी एकाच वेळी उचलल्या की तो सगळा भार एकदम पडतो आणि व्होल्टेज इतकं बसतं की कुणाचीच नीट उचलत नाही. ज्या ऑटोमध्ये वेळ लावायचं बटण आहे, म्हणजे टायमर, त्यात प्रत्येकानं वेगळी वेळ लावायची. पहिल्यानं एक मिनिट, दुसऱ्यानं दोन, तिसऱ्यानं तीन. एका डीपीवरच्या सगळ्यांनी बसून एकदा ठरवलं की झालं. खर्च काही नाही, फक्त भावकीनं एकत्र बसलं पाहिजे.

खारपाणी (दर्यापूर)

मग नाहीच होत! वायरिंग सोपी, भावकी अवघड. 😄

वणीची_सून (वणी)

होते. आमच्या डीपीवर बायकांनी ठरवलं. कागदावर नावं आणि मिनिटं लिहून डीपीजवळच्या घराच्या भिंतीला लावली आहेत.

हिशोबवही (हिंगणघाट)

कराचं कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. जाहिरातीचे पैसे हे उत्पन्नच आहे, बँकेत रुपयात आले तरी विवरणपत्रात दाखवावं लागतं. पॅन लागेल. खात्यावरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरश: एक ठेवा. अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-8बेन फॉर्म ॲडसेन्समध्येच ऑनलाइन भरायला मागतात, तो टाळू नका. जीएसटी नोंदणीची मर्यादा सेवांना वर्षाला 20 लाखांची आहे, तेव्हा त्याची धास्ती आत्ता नको. दुकानाचा आणि लिखाणाचा हिशोब मात्र वेगळ्या पानांवर ठेवा.

संत्राबाग (वरूड)

माझी एक सूचना. व्हॉट्सॲपवर फोटो आणि मीटरचे आकडे मागवा, सल्ल्याचे थोडे पैसे यूपीआयवर घ्या. डॉक्टर नाही घेत का तपासायचे?

जुना_मिस्त्री (पुसद)

फोनवर सांगायचे पैसे? आमच्या काळी चहा पाजून सांगत होतो. शेतकऱ्याकडून बोलण्याचे पैसे घेणं मला पटत नाही.

संत्राबाग (वरूड)

मिस्त्री, मी स्वतः शेतकरी हाय अन् मीच म्हणतो घ्या. मोटर विनाकारण वर काढायचा खर्च वाचला तर मी आनंदानं देईन. फुकटच्या सल्ल्याले कोणी वेळ देत नाही, भाऊ रात्री नऊ वाजता थकून बसला असते.

आयटीआय_निदेशक (अमरावती जिल्हा)

मधला मार्ग: लिहिलेलं सगळ्यांना फुकट, स्वतःच्या मोटरीची खास चौकशी करायची तर पैसे. यात कुणावर अन्याय नाही. आणि प्रिव्हेंटर, केबल, कंडेन्सर दुकानात विकत असाल तर लेखात तसं सांगा, "हे माझ्याकडे विकायला आहे." वाचकाला ते आधीच माहीत असलं की तुमच्या शिफारशीवर विश्वास बसतो. छापील कागद हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. वणीच्या ताईंचा कागद, प्लास्टिक चढवलेला, कृषी केंद्रात आणि मोटरच्या दुकानात ठेवायचा.

सोलरबद्दल एक खबरदारी. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची हमी असते. शेतकऱ्यानं 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं 5 टक्के हिस्सा भरलेला असतो, हमी त्याच्या हक्काची आहे. कंट्रोलर उघडायचं शिकवलंत तर ती धोक्यात येईल. आकड्याचा अर्थ सांगा, तक्रार कशी नोंदवायची सांगा, पॅनल धुण्याची वेळ सांगा. झाकण उघडायला सांगू नका.

वाइंडिंगवाला

सोलरचं तसंच करतो. टायपिंगचं काय करू? दुकान बंद केल्यावर बोटं चालत नाहीत.

की_बोर्ड_ताई (मूळ आर्वी, सध्या पुणे)

बोला. मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चिन्ह दाबून मराठी बोललात की टाइप होतं. फोनवर शेतकऱ्याला जसं सांगता तसंच बोलून टाका, सकाळी चहाच्या वेळी शब्द दुरुस्त करा. फोटो तुमच्याच टेबलावरचे, आणि प्रत्येक फोटोत एक चिठ्ठी ठेवा, दुकानाचं नाव आणि तारीख लिहिलेली. लेख उचलून स्वतःच्या नावानं टाकणारे भरपूर आहेत. चिठ्ठी फोटोतच असली की तुमचं नावही सोबत फिरतं, आणि तक्रार करायची वेळ आली तर पुरावा राहतो.

वाइंडिंगवाला

मंडळी, पहिला लेख बोलून तयार केलाय. इथं टाकतो, चुका काढा.

"मोटर हूं करते पण उचलत नाही. काय करावं?

आधी लाल बटण दाबा. हूं करणारी मोटर पूर्ण लोडच्या कितीतरी पट करंट पिते पण फिरत नाही, त्यामुळे काही क्षणांत वाइंडिंग तापतं. पुन्हा पुन्हा बटण दाबून बघू नका. मेन पाडा, फ्यूजच्या वाट्या काढून खिशात ठेवा.

आता वाट्यांमधली तार बघा. एक उडालेली असेल तर मोटर दोन फेजवर उचलायला बघत होती, तोच आवाज. तार तिन्हीकडे शाबूत असेल तर मिस्त्री किंवा तारतंत्रीकडून तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजून घ्या, तेही शेजारच्या मोटरी चालू असताना, कारण सकाळच्या रिकाम्या लाइनवर आकडा चांगलाच येतो. व्होल्टेज ठीक आणि मोनोब्लॉक असेल तर मेन बंद ठेवूनच शाफ्ट हातानं फिरवून बघा. फिरत नसेल तर आत गाळ किंवा खडा अडकलाय किंवा बेअरिंग धरलंय. सिंगल फेज मोटर असेल तर कंडेन्सर गेलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, आणि तो बदलणं स्वस्त आहे. पण बंद केलेल्या कंडेन्सरलाही हात लावू नका, त्यात करंट साठलेला असतो."

जुना_मिस्त्री (पुसद)

चांगलं आहे. शाफ्ट फिरवायचं लिहिलं तिथं "पंखा कव्हर काढून, मागून" असं घाला, नाहीतर लोक भलतीकडेच बोट घालतील.

वणीची_सून (वणी)

"शेजारच्या मोटरी चालू असताना" हे जाड अक्षरात करा भाऊ. वायरमन नेहमी सकाळीच येऊन "व्होल्टेज बराबर आहे" म्हणून जातो. अर्धं पान पुरेल, मी छापून झाकणाला लावते.

खारपाणी (दर्यापूर)

लेख झक्कास. आता माझं बघा. शेततळ्यावरच्या मोनोब्लॉकमध्ये पाणी भरून चालू करतो, दहा मिनिटं बरा चालते, मग धार बारीक होते अन् हवा येते. फूटवॉल (सक्शन पाइपच्या खालच्या टोकाचा व्हॉल्व्ह) नवा टाकला. पाणी आता बरंच खाली गेलं तळ्यातलं.

वाइंडिंगवाला

@खारपाणी, पंपाच्या मधल्या रेषेपासून पाण्यापर्यंत उभं अंतर किती फूट आहे ते दोरीनं मोजून सांगा. मोनोब्लॉक 20-22 फुटांच्या वर ओढायला कुरकुरतोच, पाणी खाली जातं तसा त्रास वाढतो. तेवढं नसेल तर सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या) जॉइंटवर आणि ग्लँडवर (शाफ्ट पंपात शिरतो तिथल्या पॅकिंगवर) साबणाचं पाणी लावा, पंप चालू असताना फेस आत ओढला गेला तर हवा तिथूनच शिरते. फूटवॉल गाळात टेकलाय का तेही बघा, तळापासून दीड-दोन फूट वर बांधा. आणि दोन फोटो टाका, सक्शनचा आणि ग्लँडचा. चालेल ना, दुसऱ्या लेखात घेतले तर?

खारपाणी (दर्यापूर)

घ्या ना जी. उद्या सकाळी दोरी घेऊन जातो.